घंटीची जागा

वहिनींचा डावा हात पुन्हा हवेत गेला.

"गेला बघा," मी म्हणालो.

"कळलं हो मला," त्या म्हणाल्या. पण तोवर हात परत आला होता, आणि नको तिथं आला होता. एक घर सरकून. पडद्यावर ‘मा. कार्यकारी अभियंता यांना सविनय सादर’ एवढं सुरेख उमटलं होतं आणि त्यापुढं जे उमटत होतं ते कुठल्याच खात्याच्या कामाचं नव्हतं. निम्मी अक्षरं बरोबर, निम्मी भलतीच. वहिनी मात्र उताऱ्यावर डोळे ठेवून टाइप करत सुटल्या होत्या. शिकलेला टायपिस्ट पडद्याकडे बघत नाही. तीच तर शिस्त.

"थांबा वहिनी. निम्मा उतारा मंगळ ग्रहावर गेला."

त्यांनी मान वर केली, पडद्याकडे बघितलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. दारात आई वाटाणे सोलत होती. तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मंगळ मीच शोधून काढला होता.

वहिनी टायपिंग शिकल्या त्या जुन्या लोखंडी मशीनवर. त्या मशीनवर ओळ संपत आली की डावा हात वर जायचा, दांडा ढकलायचा, कागदाची गाडी खर्रकन पहिल्या जागी यायची आणि हात पुन्हा खाली आपल्या घरी. कॉम्प्युटरवर ओळ आपोआप खाली जाते, दांडा नसतो. हे वहिनींना ठाऊक होतं, त्यांच्या हाताला नव्हतं. तो प्रत्येक ओळीच्या शेवटी इमानेइतबारे वर जायचा, दांडा सापडायचा नाही, गोंधळून खाली यायचा आणि शेजारच्या घरात उतरायचा. अक्षरांची मांडणी तीच, मशीनची. पण बोट एक घर चुकलं की मराठीचं काही खरं नाही.

ही हौस असती तर हसून सोडून दिलं असतं. माझा थोरला भाऊ विलास पाटबंधारे खात्यात कारकून होता. कावीळ झाली आणि आठवड्याभरात होत्याचं नव्हतं झालं. अनुकंपा तत्त्वावर वहिनींना त्याच ऑफिसात घेतलं, टंकलेखक म्हणून. अट अशी की ठरल्या मुदतीत टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी गेली. मधल्या काळात परीक्षा मशीनवरून कॉम्प्युटरवर आली. वहिनी दोनदा बसल्या, दोनदा नापास झाल्या. आता एकच संधी उरली होती.

वहिनींचे भाऊ कवठेमहांकाळहून येऊन गेले होते. भला माणूस. चहा पिता पिता म्हणाले, "उज्ज्वलाची खोली रंगवून ठेवलीय आम्ही. काळजी करायचं कारण नाही." ते गेल्यावर वहिनी कपबश्या विसळत आईला म्हणाल्या, "आत्या, भावाच्या दारात पाहुणी म्हणून जायला मला आवडतं. कायमची नाही जायची मी."

मलाही वहिनी जायला नको होत्या. दादाच्या माघारी घरात दादासारखं जे उरलं होतं ते त्यांच्या हातात होतं. वर्तमानपत्राची चौघडी घालायची ती त्याच्यासारखी, चहात आलं जरा जास्तच ठेचून टाकायचं ते त्याच्यासारखं. त्या गेल्या असत्या तर दादा दुसऱ्यांदा गेला असता. असलं काही त्या वयात मला बोलता यायचं नाही. मी कुपवाडच्या एमआयडीसीत मशिनी दुरुस्त करायचो, डिप्लोमा ताजा होता, आणि जगातली कुठलीही अडचण सोल्डरिंग गननं सुटते असा माझा ठाम समज होता.

"वहिनी, तुमच्या हाताचं काही चुकत नाही," मी म्हणालो. "कीबोर्डचं चुकतंय. मी बनवतो तुमच्यासाठी."

"कीबोर्ड? घरी?"

"घरी."

"भावजी, मागं मिक्सर दुरुस्त केला होतात तुम्ही. अजून उलटा फिरतोय."

"फिरतोय ना? मग झालं तर."

परीक्षेच्या सूचनांत एक ओळ होती, उमेदवारानं स्वतःचा कीबोर्ड आणला तरी चालेल. त्या ओळीवर मी सगळा इमला उभा केला.

आधी माळ्यावरून जुनं मशीन खाली काढलं. दादानं ते कुठल्याशा बंद पडलेल्या इन्स्टिट्यूटकडून आणलं होतं, वहिनींना शिकवायला. मी तेव्हा पुण्याला होस्टेलवर होतो. लग्न नवं होतं, आणि बायकोनं स्वतःच्या पायावर उभं राहायचं हे दादाच्या डोक्यात पक्कं होतं. दोघं संध्याकाळी माडीवर जाऊन सराव करायचे, एवढं आईच्या पत्रातून मला कळलं होतं. मशीनवर मी पुठ्ठा धरून बटणांच्या रांगांचा उतार उतरवून घेतला. जिन्यासारखा उतार होता तो. बाजारातले कीबोर्ड म्हणजे नुसतं थालीपीठ.

बटणं भंगारात सापडली. मिरजेतल्या एका भंगारवाल्याकडे जुन्या कॉम्प्युटरांचे जाडजूड कीबोर्ड पोत्यात भरून पडले होते. हल्लीच्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली मिळून रबराचा एकच पापुद्रा असतो. यात प्रत्येक बटणाखाली त्याचा स्वतःचा खटका होता, स्प्रिंगसकट, आणि दाबलं की खट्ट असा स्वच्छ आवाज. भंगारवाल्याला मी काय करणार ते सांगितलं. तो म्हणाला, "त्यापेक्षा नवा का घेत नाही?" पुढच्या आयुष्यात हा प्रश्न मला फार लोकांनी विचारला.

मग आमच्या जेवणाच्या खोलीचा कारखाना झाला. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर मी खटक्यांसाठी चौकोनी भोकं आखली, ड्रिलनं पाडली आणि कानशीनं घासत बसलो. एकही चौकोन दुसऱ्यासारखा नव्हता. आई म्हणाली, चाळण छान झालीय. पत्र्यात खटके बसवले. खालून आडव्या-उभ्या तारांची जाळी विणली, आणि प्रत्येक खटक्याला एकेक डायोड. डायोड नसेल तर भराभर टाइप करताना दोन-तीन बटणं एकदम दाबली गेली की न दाबलेलं अक्षरही भुतासारखं उमटतं. त्या डायोडचे लांब पाय कापायचं काम वहिनींनी घेतलं, नेलकटरनं. ऑफिसातून यायच्या, हातपाय धुवायच्या, पदर खोचून माझ्यासमोर बसायच्या. मी सोल्डर करायचो, त्या पाय कापायच्या, आणि कापलेले पाय वाटीत गोळा करायच्या, मोहरीसारखे.

"हे एवढंसं काय काम करतं हो?"

"एका बाजूनं वीज जाऊ देतं. उलटी येऊ देत नाही."

"आमच्या आत्यांसारखं. त्यांच्याकडून कुणाला काही परत आलेलं मी बघितलं नाही."

आई आतून म्हणाली, "ऐकायला येतंय मला." आणि वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. दादा गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी एक आख्खी रांग डायोड उलटे जोडले. दुसऱ्या दिवशी ती रांग मेलेली निघाली आणि सगळी पुन्हा उचकटावी लागली. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट काम लांबलं तर बरंच, असं वाटत होतं.

कीबोर्डची लाकडी पेटी दस्तगीरचाचांनी केली. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान होतं आणि दादाची आणि त्यांची चहाची बैठक होती. तंबोऱ्याच्या दांडीचं उरलेलं लाकूड त्यांनी काढलं, माझा पुठ्ठा लावून बघितला आणि विचारलं, "वाजवायचंय काय यावर?"

"टायपिंग करायचंय चाचा. वहिनींना."

"मग वाजणारच की." त्यांनी पेटी आतून पोकळ ठेवली, कडेला घरच्या सवयीनं वेलबुट्टीची एक रेघ कोरली आणि म्हणाले, "विलासची बायको पास झाली की सांगायला या. नापास झाली तरी या. पेटीचं काय चुकलं ते बघू."

आता उरला हात. वहिनींच्या त्या भटक्या हातासाठी मी पेटीच्या डाव्या बाजूला दांडा बसवला, जुन्या मशीनचाच, चकचकीत घासून. तो कशालाच जोडलेला नव्हता. ढकलला की स्प्रिंगवर जायचा, खट्टाक करून परत यायचा, पडद्यावर काहीच व्हायचं नाही. पण हाताला जायला एक ठिकाण झालं होतं, आणि ठरल्या ठिकाणाहून निघालेला हात ठरल्या घरी परत यायचा. घरच्या बटणांवर मी सोल्डरचे बारके ठिपकेही ठेवले. आयुष्यात मी बऱ्याच उपयोगी वस्तू बनवल्या, पण त्या निरुपयोगी दांड्याइतका अभिमान मला कशाचाच नाही.

दांडा कधी ढकलायचा हे सांगायला घंटी हवी. मशीनवर ओळ संपायच्या जरा आधी घंटी वाजते, ती ऐकून टायपिस्ट चालू शब्द पुरा करतो आणि हात उचलतो. आमच्या कीबोर्डातली चिप अक्षरं मोजणार, ओळ संपत आली की हातोडी पडणार आणि घंटी वाजणार. घंटीही जुन्या मशीनचीच घ्यायची म्हणून मी मागची बाजू उघडली. पितळेची छोटी वाटी होती, हिरवी पडलेली. तिच्यावर पडणारी हातोडी मात्र जागेवर नव्हती, आणि जिथं असायला हवी तिथं गंजाचा जुना थर होता.

"हिची हातोडी कुठं पडली कोण जाणे," मी म्हणालो.

आई चष्मा वर करून म्हणाली, "या मशीनला घंटी होती? मी तर कधी ऐकली नाही."

"तुला कमी ऐकायला येतं गं."

"मला? शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजते मी."

मी हसलो आणि नवी हातोडी घासायला घेतली.

पहिल्या दिवशी वहिनी पेटीसमोर बसल्या तेव्हा आईनं आधी तिला हळदकुंकू लावलं. बटणांवर अक्षरं नव्हती. वहिनींना लागत नव्हती आणि मला लिहायचा कंटाळा होता. वहिनींनी बोटं ठेवली, एकदा डोळे मिटले आणि सुरू केलं. काय तो आवाज! खटखट, खटखट, तंबोऱ्याच्या लाकडातून घुमून येणारा. बोटं अशी पडत होती की जणू इतके दिवस त्यांना कुणी चिखलातून चालवलं होतं आणि आज सडकेवर आणून सोडलं. आई हातातलं काम सोडून बघत राहिली. ओळ संपत आली. घंटी वाजली, स्वच्छ, गोड.

आणि वहिनी थांबल्या.

हात वर गेला, दांड्यावर टेकला आणि तिथंच राहिला. काही क्षण त्या तशाच बसल्या, कान देऊन. मग भानावर आल्यासारखा दांडा ढकलला, पुढची ओळ घेतली. पुन्हा घंटी, पुन्हा हात दांड्यावर, पुन्हा तीच वाट बघणं. चुका एकदम कमी झाल्या होत्या, पण प्रत्येक ओळीला एवढा वेळ गेला तर परीक्षेचा उतारा पुरा होणार नव्हता.

"घंटी उशिरा वाजते काय?" मी विचारलं.

"नाही हो. छान आहे."

मी घंटी अलीकडे घेतली. मग पलीकडे घेतली. वहिनी थांबायच्या त्या थांबायच्याच. मग मला वाटलं, आवाजात गफलत आहे. वाटी काढून सायकलची घंटी बसवली. ती बसवताना मला दादाची सायकल आठवली. तिला घंटी कधी नव्हतीच. मला डबलसीट घेऊन मार्केटच्या गर्दीतून तो तोंडानंच ‘टिंग, टिंग’ करत जायचा, आणि लोक खरंच बाजूला व्हायचे. मी लाजून त्याच्या पाठीमागं तोंड लपवायचो. वहिनींना हे सांगितलं, तर त्या "हो, माहितीय," एवढंच म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

सायकलच्या घंटीनंही तेच. मग मी देव्हाऱ्यातल्या घंटीला हात घातला, तेव्हा आईनं मला घराबाहेर काढायची धमकी दिली. परीक्षा आठवड्यावर आली होती. शेवटी मशीनचीच वाटी परत बसवली आणि माझं डोकं फिरलं.

"वहिनी, काय पाहिजे ते एकदा सांगा तरी! कसली घंटी पाहिजे? मी एवढा राबतोय, आणि तुम्ही नुसत्या त्या दांड्याला धरून बसताय. पास व्हायचंय ना तुम्हाला?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"व्हायचंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही फार केलंत भावजी. मलाच जमत नाही."

"अहो, पण थांबता कशाला? घंटी वाजली की ढकलायचं!"

"ते कळतंय मला." त्यांनी पेटीवरून हात फिरवला, वेलबुट्टीच्या रेघेवर बोट थांबलं. "तुम्हाला सांगण्यासारखं नाही ते. असू दे."

मी पाय आपटत बाहेर गेलो. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो, तर त्या पुन्हा सरावाला बसल्या होत्या.

परीक्षा सांगलीत एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये होती. पेटी टॉवेलात गुंडाळून आम्ही एसटीनं गेलो. पर्यवेक्षक म्हणून एक उंच, किरकिऱ्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. त्यांनी टॉवेल उघडला आणि चष्मा पुसून पुन्हा घातला.

"हे काय आहे?"

"कीबोर्ड आहे, सर."

"याच्यावर अक्षरं कुठायत?"

"त्यांच्या बोटांत आहेत, सर."

त्यांना ते आवडलं नाही. "हा दांडा कशाचा?"

"कशाचाच नाही. नुसता आहे."

"नुसता कसा असेल?" त्यांनी पेटी कॉम्प्युटरला जोडायला लावली, दांडा ढकलून बघितला, पडद्याकडे बघितलं, पुन्हा ढकलला. काहीच होईना तसे ते आणखी संशयानं बघू लागले. मग बटणं दाबून बघत बसले, दाबता दाबता ओळ भरत आली आणि घंटी वाजली. हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या.

"हे चालायचं नाही!" ते म्हणाले. "बाकीच्यांनी परीक्षा द्यायची की आरती म्हणायची? कीबोर्ड राहू दे. दांडा राहू दे. घंटी काढा, नाहीतर इथला कीबोर्ड घ्या."

मी खूप विनवण्या केल्या. आवाज कमी करतो म्हणालो, वर कापूस लावतो म्हणालो. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "काढा हो भावजी." मी स्क्रू ड्रायव्हर काढला. घंटी निघाली आणि पेटीच्या वरच्या कोपऱ्यात एक गोल रिकामं भोक राहिलं. वहिनी त्या भोकाकडे एकटक बघत होत्या. संपलं सगळं, मला वाटलं. घंटी असताना थांबत होत्या, आता तर अंधारात गाडी चालवायची. कवठेमहांकाळची रंगवलेली खोली मला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

मला बाहेर काढलं. व्हरांड्यात खिडकी होती, जाळीची. मी तिला कान लावून उभा राहिलो, हातात ती पितळी वाटी घट्ट धरून.

सुरू करा, असं पर्यवेक्षक म्हणाले आणि हॉलभर रबरी कीबोर्डांची मऊ पुटपुट सुरू झाली. त्या पुटपुटीतून वर येणारा वहिनींचा खटखटाट मी हजारात ओळखला असता. एका लयीत चालला होता. ओळ संपत आली असावी. खटखट थांबली.

मी डोळे मिटले. ढकला वहिनी, ढकला.

"टिंग!"

खणखणीत आवाज. हॉलमधली पुटपुट क्षणभर बंद पडली.

"कोण आहे तो?" पर्यवेक्षक ओरडले. "मोबाईल बंद ठेवा म्हणून सांगितलं होतं ना!"

"मोबाईल नाही, सर." वहिनींचा आवाज. "मी आहे. तोंडानं."

"तोंडानं? का?"

"ओळ संपली, सर."

सगळा हॉल हसला. पर्यवेक्षक म्हणाले, "हळू करा. मनातल्या मनात करा."

खट्टाक. दांडा गेला आणि परत आला. खटखट पुन्हा सुरू झाली, आणि ती थांबलीच नाही. ओळीच्या शेवटी एक छोटासा खंड पडायचा, एक शब्द उच्चारायला लागतो एवढाच, मग खट्टाक, आणि पुढं. शब्द आता ऐकू येत नव्हता. मला तो ऐकू यायची गरजही नव्हती. तो ‘टिंग’ मी ओळखला होता. शेवटी जरा लांबवलेला, नाकात घोळवलेला. सायकलवर दादाच्या मागं बसून तो ऐकताना मी लहानपणी तोंड लपवलं होतं. मी जाळीला डोकं टेकलं आणि भर दुपारी, अनोळखी लोकांच्या व्हरांड्यात रडलो.

परीक्षा झाल्यावर आम्ही स्टँडजवळ उसाचा रस घेतला. वहिनींनीच अर्धा ग्लास संपवून सांगितलं.

"मशीन आणलं तेव्हापासूनच त्याची घंटी मुकी होती. मग तुमचे दादा शेजारी बसायचे, पेपर वाचत. कान मात्र माझ्याकडे. ओळ संपत आली की पेपरातनं मान वर न काढता ‘टिंग’ म्हणायचे. कधी चुकले नाहीत."

"आणि मी घंट्या बदलत बसलो."

"तुम्ही वाजवलीत ना, की मला वाटायचं, आता म्हणतील. म्हणून थांबायचे मी." त्या ग्लासात बघत होत्या. "दिराला कसं सांगायचं हो असलं? आज ते भोक बघितलं, आणि वाटलं, आता कुणीच म्हणणार नाही. मग मीच म्हटलं."

रसवाल्यानं ग्लास परत मागितले तेव्हा माझा तसाच भरलेला होता.

वहिनी आज त्याच ऑफिसात वरिष्ठ लिपिक आहेत. पेटी अजून त्यांच्या टेबलावर आहे. लाकूड काळपट झालंय, मधली बटणं गुळगुळीत झालीत, दोन-तीन खटके मी बदलून दिलेत. ऑफिसात नवीन आलेली मुलं दांडा ढकलून बघतात आणि तो कशाचा म्हणून विचारतात. वरच्या कोपऱ्यातलं भोकही त्यांना दिसतं. वहिनी हसतात, आणि कामाला लागल्या की ओळीच्या शेवटी त्यांचे ओठ जरासे हलतात.

ते भोक बुजवायला मी एकदाच गेलो होतो, निकालाच्या संध्याकाळी. वहिनी पास झाल्या होत्या. दस्तगीरचाचांना पेढे पोचले होते, वहिनींच्या भावाचा फोन येऊन गेला होता, आई देवापुढं बसली होती. मी खिशातून पितळी वाटी काढली, चिंचेनं घासून लख्ख केलेली, आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन पेटीपाशी आलो. म्हटलं, आता कुणाची परीक्षा नाही, आता वाजू दे.

वहिनींनी भोकावर तळहात ठेवला.

"नको भावजी."

"अहो, रिकामं दिसतंय ते."

"दिसू दे. तुमच्या दादांच्या मी किती मागं लागायचे, घंटी तेवढी दुरुस्त करून आणा म्हणून. रोज एक सबब असायची. एक दिवस मी चिडलेच. तर पेपर बाजूला ठेवून म्हणाले, दुरुस्त करून आणतो गं, पण मग माझी नोकरी जाईल, त्याचं काय?"

मी वाटी परत खिशात घातली.